वायदा चांदरातीचा

रमजानच्या महिन्यात आमच्या कंधारात दोन पाट्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. एक मशिदीतली, सहरी-इफ्तारच्या वेळा सांगणारी. दुसरी शिलाईच्या दुकानातली, ‘ईदचे बुकिंग बंद’ असं सांगणारी. पहिल्या पाटीशी कुणी हुज्जत घालत नाही, कारण सूर्य कुणाच्या ओळखीचा नाही. दुसऱ्या पाटीशी मात्र अख्खं गाव हुज्जत घालतं, कारण ती लावणारा माणूस सगळ्यांच्या ओळखीचा असतो. कुणाचा वर्गमित्र, कुणाच्या मेहुण्याचा शेजारी, आणि माझ्या बाबतीत माझा जुना विद्यार्थी.

हा विद्यार्थी बाजारातल्या एका शिलाईच्या दुकानात मॅनेजर आहे. नाव छापायचं नाही, असं त्यानं बजावलं आहे. ‘सर, पेपरात नाव आलं तर सकाळी दुकानासमोर दहा माणसं उभी राहतील, आणि दहाही म्हणतील सरांनीच पाठवलं.’ म्हणून त्याचं नाव नाही आणि दुकानाचंही नाही. पुढच्या बाजूला कापडाचे तागे, मध्ये कटिंगचं टेबल, मागच्या खोलीत सहा मशिनी, असं हे दुकान. मॅनेजर म्हटल्यावर डोळ्यांसमोर केबिन येते. इथे एक गल्ला आहे, एक स्टूल आहे आणि गळ्यात टेप. तो स्वतः शिवत नाही. माप घेतो, वहीत लिहितो, कापड किती लागेल ते सांगतो, कटिंग मास्टरकडे नंबरवारी पीस लावतो, कारागिरांना वाटतो, काज-बटणाला पाठवतो, प्रेस करून घेतो, बिल फाडतो आणि उशीर झाला की शिव्या खातो. या शेवटच्या कामासाठीच आपल्याला पगार मिळतो, असं तो म्हणतो. मालक वयस्कर, असरच्या नमाजनंतर येऊन बसतात आणि गल्ल्याचा हिशोब पाहून इफ्तारच्या आधी घरी जातात.

गिऱ्हाइकाला वाटतं की बुकिंग कधी बंद करायचं हे मॅनेजरच्या मर्जीवर असतं. प्रत्यक्षात तो साधा गुणाकार-भागाकार आहे, आणि त्यानं तो माझ्यासमोर एका बिलाच्या पाठीमागे मांडून दाखवला. सहा मशिनी. रोजाच्या दिवसांत एक कारागीर दिवस-रात्र मिळून कुर्ता-पायजम्याचे चार जोड काढतो. म्हणजे दिवसाला चोवीस. 2025 ला पहिला रोजा 2 मार्चला झाला. त्या दिवसापासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत अठ्ठावीस दिवस. त्यात चार शुक्रवार, प्रत्येकी अर्धा दिवस. धुळवडीला दोन कारागीर नव्हते, शिवाय एक-दोनदा दुपारभर लाइट जाणारच हे गृहीत धरायचं. उरतात पंचवीस दिवस. पंचवीस चोक शंभर, म्हणजे एका मशिनीचे शंभर जोड, सहा मशिनींचे सहाशे. त्यातून लगनसराईच्या सफारी आणि पाडव्याचे शर्ट मिळून दीडशे जोडांचं काम वजा. चुकलेले, उसवलेले, पुन्हा करायचे तीस वजा. राहिले चारशेवीस. शाबान महिन्यातच निम्म्याहून जास्त नंबर भरलेले असतात. चौदाव्या रोजाला चारशेवा नंबर पडला आणि त्यानं पाटी लावली.

चारशेवीसमधले चारशेच का, वीस कुठे गेले, हे मी विचारलं. तो म्हणाला, ‘त्याच्यावर नंतर बोलू.’ मीही नंतरच बोलतो.

यंदाची गर्दी वेगळी आहे. 2025 चा गुढीपाडवा 30 मार्चला, रविवारी. त्याच दिवशी एकोणतिसावा रोजा. संध्याकाळी चंद्र दिसला तर सोमवारी ईद, नाहीतर मंगळवारी. म्हणजे सकाळी पाडव्याचा नेहरू शर्ट घालून माणसं गुढी उभारणार आणि त्याच संध्याकाळी, त्याच काउंटरवर, दुसरी माणसं ईदचा कुर्ता न्यायला उभी राहणार. 2024 लाही पाडवा 9 एप्रिलला आणि ईद 11 एप्रिलला होती, पण मध्ये एक श्वास घ्यायला दिवस होता. हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण 354 दिवसांचं. मराठी पंचांगही चंद्रावरच चालतं, पण ते अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवून घेतं. हिजरी तसं करत नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. भूगोलाच्या पुस्तकातली ही गोष्ट शिलाईच्या दुकानात अंगावर येते. 2017 आणि 2018 ला रमजानची ईद जूनमध्ये आली, तेव्हा टक्कर शाळेच्या गणवेशांशी होती. 2005 आणि 2006 ला दिवाळी आणि ईद चार-पाच दिवसांच्या अंतराने आल्या. दुकानातले कटिंग मास्टर, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्या दोन वर्षांची आठवण काढताना अजूनही डोळे चोळतात. ‘दो साल सोयाच नै,’ एवढंच म्हणतात. 2030 ला तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होणार आहे, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. चाचांना हे सांगितलं तर म्हणाले, तोपर्यंत मी नक्को.

या दुकानातली सगळ्यात मोलाची वस्तू मशीन नाही, मापाची वही आहे. लांब, आडव्या ओळींच्या अशा वह्या मागच्या फळीवर ओळीनं लावलेल्या आहेत. प्रत्येक पानावर लांबी, छाती, पोट, सीट, खांदा, बाही, गळा, मोहरी असे आकडे, आणि कोपऱ्यात स्टेपल केलेली कापडाची कातरण. कातरण यासाठी की पांढऱ्या कुर्त्यांच्या ढिगात कोणता पीस कुणाचा हे चिठ्ठी पडली तरी ओळखता यावं. सगळेच पांढरे असतात, पण एकाच्या विणीत रेघ असते, दुसऱ्याच्या नसते. मॅनेजरची बोटं ते न बघता सांगतात.

ही वही म्हणजे गावाची एक नोंदच आहे. ज्या मुलाची पायजम्याची लांबी तीन वर्षांपूर्वी अठ्ठावीस होती त्याची आता अडतीस आहे, आणि तो पुण्याला कामाला जातो. मधुमेहाचे, काविळीचे, कुठल्याशा काळजीचे आकडे इथे आधी उमटतात. एका गिऱ्हाइकाची छाती चाळीस इंच होती, पुढच्या ईदला साडेअडतीस, यंदा छत्तीस. मॅनेजरनं टेप दोनदा लावली. आकडा मोठ्यानं न सांगता लिहिला, एरवी तो मोठ्यानं सांगतो. मग हळूच म्हणाला, ‘मामू, नांदेडला जाऊन एकदा रक्त तपासून घ्या ना.’ त्यांनी तपासलं की नाही माहीत नाही, कुर्ता मात्र थोडा सैल ठेवायला सांगून गेले. सैल ठेवा, म्हणजे लोकांना दिसणार नाही. हे त्यांनी म्हटलं नाही, पण दुकानात उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

काही पानांवर मात्र आकड्यांचे दोन रकाने आहेत, डावा आणि उजवा. लहानपणी पोलिओ झालेला एक जण आहे, त्याच्या पायजम्याचा एक पाय दीड इंच आखूड लागतो. आयुष्यभर डोक्यावर आणि खांद्यावर ओझं वाहिलेल्या एका हमालाचा उजवा खांदा खाली गेलेला आहे, त्याच्या कुर्त्याला त्या बाजूला आतून एक पट्टी घालावी लागते, नाहीतर गळा एका कडेला ओढला जातो. कुबड असलेल्या एका बाईंच्या नवऱ्यानं त्यांच्यासाठी इथे कमीज शिवायला विचारलं, तेव्हा लेडीज काम न करणाऱ्या या दुकानानं ते घेतलं, कारण दुसऱ्या कुणी घेतलं नव्हतं. माप त्यांच्या घरी त्यांच्या मुलीनं घेतलं, कसं घ्यायचं ते मॅनेजरनं तिला टेप हातात देऊन स्वतःच्या अंगावर शिकवलं.

रेडिमेड आल्यावर शिलाईचा धंदा संपला, असं सरसकट म्हटलं जातं. बरंचसं खरंही आहे. ईदच्या आठवड्यात रस्त्याच्या कडेला हातगाड्यांवर तयार कुर्ते लागतात, त्यातला साधा कुर्ता इथल्या नुसत्या शिलाईपेक्षा स्वस्त पडतो. तरुण मुलं मोबाइलवर मागवतात आणि खांद्यात घट्ट झालं की परत पाठवतात. हे मला चुकीचं वाटत नाही. पण रेडिमेडचे मीडियम, लार्ज, एक्सेल हे सरळ माणसांसाठी असतात. ज्याचं शरीर कष्टानं किंवा आजारानं वाकडं झालं, त्याच्यासाठी कुठल्याच कारखान्यात साइज नाही. असा माणूस बहुतेक वेळा गरीबच असतो, आणि त्यालाच शिवून घ्यावं लागतं, म्हणजे त्यालाच महाग पडतं. या दुकानात उभं राहून मला हे पहिल्यांदा नीट कळलं.

आता थोडं कापडाबद्दल, कारण वाचकांपैकी पुष्कळांच्या कपाटात ते पडून असेल. आपल्याकडे लग्नात, बारशात, निरोप समारंभात कापडाचा आहेर देतात. हिंदूंच्या घरी आणि मुसलमानांच्याही. 1.60 मीटरचा शर्टपीस आणि 1.20 चा पँटपीस, खोक्यात घालून. हे खोकं किती घरं फिरतं याचा हिशोब कुणीच ठेवत नाही. मॅनेजर म्हणतो, एकदा एकाच शर्टपीसची पेटी त्यानं दोन वर्षांत तीन वेगवेगळ्या माणसांच्या हातात पाहिली, खोक्याचा कोपरा फाटलेला होता म्हणून ओळखली. कापड फिरतं, कारण शिलाई कुणी देत नाही. शिवायला टाकायचं तर खिशातून पैसे घालावे लागतात, म्हणून जो तो ते पुढच्याच्या लग्नात सरकवून मोकळा होतो. शिवाय मोठ्या पन्ह्याच्या, म्हणजे 58 इंची कापडात 1.60 मध्ये माझ्यासारख्या पोट सुटलेल्या माणसाचा पूर्ण बाहीचा शर्ट मोठ्या मुश्किलीनं निघतो. लहान पन्ह्याचं कापड असेल तर सव्वादोन मीटर तरी हवं. सुती असेल तर आधी पाण्यातून काढायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही मनगटाच्या वर जाते. आहेर देणाऱ्याला यातलं काही विचारावंसं वाटत नाही.

रमजानमध्ये हाच आहेर दानाच्या रूपानं येतो. बरेच लोक गरिबांना ईदसाठी कापड वाटतात. नियत चांगली असते. पण कापड हातात आलेली बाई ते घेऊन या काउंटरवर येते, शिलाईचा भाव ऐकते आणि परत जाते.

शिवणकामाला आमच्या परंपरेत मान आहे. पहिल्यांदा कपडे शिवून घालणारे म्हणून हजरत इद्रीस यांचं नाव घेतलं जातं, आणि जुने दर्जी त्यांनाच आपले गुरू मानतात. मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको की संत नामदेव शिंपी घराण्यातले. नरसी नामदेव आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, आणि नामदेवांची 61 पदं ज्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत त्याची सेवा नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात रोज होते. त्या पदांमध्ये गज, कात्री, सुई आहेत. इतक्या जवळच्या परिसरात शिंप्याच्या हत्यारांची एवढी वरपर्यंतची ओळख असताना आपण बोलताना मात्र ‘फक्त टेलर आहे’ असं म्हणतो.

कंधार निजामाच्या राज्यात होतं तोवर शेरवानी हा रोजचा पोशाख असलेली माणसं इथे होती, अर्थात मोजकी. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या मुलाला शेरवानी लागायचीच, मग तो कोणत्याही धर्माचा असो. सप्टेंबर 1948 नंतर शेरवानी हळूहळू उतरली आणि आता ती फक्त नवरदेवाच्या अंगावर दिसते, तीही बहुधा भाड्याची. चाचांनी त्यांच्या उस्तादाकडून शेरवानीची कटिंग शिकली होती. कॉलरमध्ये बकरम किती, छातीला कॅनव्हास कसा, पुढचा भाग मागच्यापेक्षा किती खाली, हे सगळं त्यांच्या हातात आहे आणि ते शिकायला मागच्या खोलीत कुणी नाही. सहा कारागिरांत सगळ्यात तरुण चौतीस वर्षांचा आहे.

मशिनींपैकी एक काळी सिंगर अजून पायावर चालते. सिंगर साहेबांनी अमेरिकेत 1851 मध्ये पेटंट घेतलं, आपली उषा 1930 च्या दशकात कलकत्त्यात सुरू झाली. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये शिवणयंत्राला सूट दिली होती, ते बायकोचे कष्ट पाहून शोधलं गेलं असं मानून. बाकीच्या पाच मशिनींना मोटर आहे. लाइट गेली की त्या पाच थांबतात आणि तेवढी सिंगर खटखटत राहते. मग कोण कुणाचा अर्धा पीस तिच्यावर पूर्ण करणार यावरून बारीक भांडण होतं.

सहा कारागिरांपैकी चार मुसलमान, दोन हिंदू. इफ्तारच्या वेळी दोघं पुढे येऊन काउंटर सांभाळतात, कारण गिऱ्हाईक अजान बघून येत नाही. पाडव्याच्या सकाळी उलटं होईल. याचं कौतुक करायला मी गेलो तर मॅनेजर म्हणाला, ‘सर, त्यात काय. कुणीतरी पीस मोजायला पाहिजेच.’ त्याला चिंता वेगळी होती. कारागीर नगावर काम करतात, जितके जोड तितके पैसे. तरावीहनंतर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसतात, तिथूनच सहरीला जातात. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट मजुरी आहे, तीन महिन्यांत जास्तीत जास्त 125 तास अशी मर्यादाही तेव्हा होती. पण ही बंधनं मार्च 2025 मध्ये दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या दुकानांना होती. सहा मशिनी, एक मास्टर, एक मॅनेजर आणि चहा आणणारा पोरगा मिळून होतात नऊ. कायदा दाराशी येऊन थांबतो. मॅनेजर स्वतः महिन्याच्या पगारावर आहे, त्याला नगही नाही आणि जादा तासही नाहीत. मजुरीला उशीर लावू नये ही आमच्याकडची शिकवण लहान मुलालाही माहीत असते. या दुकानात कारागिरांचा हिशोब दर गुरुवारी होतो, हे मालकांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

आता ते वीस नंबर.

ईदला नवे कपडेच पाहिजेत असं धर्म सांगत नाही. जे आपल्याकडे आहे त्यातलं चांगलं, स्वच्छ घालावं, एवढंच. पण हे आठ वर्षांच्या मुलाला सांगून बघा, ज्याच्या गल्लीतली सगळी पोरं नव्या कुर्त्यात ईदगाहला निघाली आहेत. आणि अडचण अशी की ज्यांच्याकडे पैसा उशिरा येतो तेच नेमके उशिरा येतात. शेतमजुराला हरभऱ्याच्या काढणीची मजुरी मार्चमध्ये हातात पडते. ज्यांनी सोयाबीन भाव वाढेल म्हणून घरात ठेवलं ते अजून वाट बघत आहेत. 2024-25 च्या हंगामाचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता, आणि बाजारात तो मिळत नव्हता. आणि ज्यांना जकातीवर ईद करायची, त्यांच्याकडे पैसा येतो शेवटच्या दहा दिवसांत. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या, ठरावीक मर्यादेच्या वरच्या संपत्तीतला अडीच टक्के हिस्सा. तो वर्षात कधीही देता येतो. पण रमजानमध्ये पुण्य जास्त म्हणून लोक रमजानपर्यंत थांबतात, आणि रमजानमध्येही सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत थांबतात. घेणारी बाई सत्ताविसाव्या रात्रीनंतर सकाळी कापड घेऊन दुकानात येते. पाटी चौदाव्या रोजालाच लागलेली असते.

आमच्या मॅनेजरनं चार वर्षांपूर्वी ही गोष्ट वहीत पाहिली. परत पाठवलेल्यांची तो एका कागदावर नावं लिहून ठेवत होता, सवय म्हणून. शेवटच्या आठवड्यातल्या नावांत मोठ्या घरातलं एकही नव्हतं. पुढच्या वर्षापासून त्यानं गणितातून वीस जोड बाजूला काढायला सुरुवात केली. 401 ते 420. वहीत ती पानं कोरी असतात. फक्त विसाव्या रोजानंतर भरायची, फक्त लहान मुलांचे कपडे आणि असे मोठे ज्यांना रेडिमेड बसत नाही. ओळख चालत नाही. भाव तोच. ज्याला तोही परवडत नाही त्याचं गावातले दोन-तीन जण मॅनेजरला फोन करून भागवतात, नाव न सांगता. त्यातला एक गृहस्थ रमजान पाळणारा नाही. पाडव्याला तोही इथेच शर्ट शिवतो.

यावरून यंदा दुकानात ताण आहे. पाडवा आणि ईद एकत्र आल्यामुळे मागणी कधी नव्हे इतकी आहे, आणि लोक अर्जंट म्हणून दुप्पट द्यायला तयार आहेत. मालकांचं म्हणणं असं की वीस नंबर दुप्पट भावानं गेले तर वीसांचे चाळीस जोडांचे पैसे होतात, त्यातून लाइटबिल आणि चाचांची औषधं निघतात. धंदा म्हणून त्यांचं काही चुकत नाही. दोन वर्षांत शेजारची दोन शिलाईची दुकानं बंद पडून तिथे मोबाइलचं सामान विकलं जातंय, ते त्यांना रोज दिसतं. मॅनेजरचं म्हणणं असं की त्या पानांवर दुप्पट घ्यायला लागलो तर पुढच्या वर्षी वीसाचे पन्नास होतील, आणि मग ती पानं ज्यांच्यासाठी होती त्यांच्यासाठी राहणारच नाहीत. दोघांचं हे बोलणं माझ्यासमोर झालं, आवाज न चढवता. मालक शेवटी म्हणाले, ‘बेटा, दुकान मेरा है ना?’ तो म्हणाला, ‘हौ चाचा, दुकान आपका है. वायदा मेरा दिया हुआ है.’ मग दोघेही गप्प बसले आणि अजान झाली.

माझं मत विचाराल तर मी मॅनेजरच्या बाजूचा आहे, पण मला भाडं भरावं लागत नाही, हेही खरं. मात्र दोघंही एका गोष्टीवर सहमत दिसले. कापड वाटणाऱ्यांनी कापडाबरोबर शिलाईही द्यावी, आणि ती शाबानमध्ये द्यावी. तसं झालं तर वीस पानं कोरी ठेवण्याची गरजच उरत नाही, ती सगळी नेहमीच्या नंबरांत बसतात. मॅनेजरनं यासाठी एक साधी सोय काढली आहे. देणाऱ्यानं दुकानात शिलाईचे पैसे जमा करायचे आणि पावती न्यायची. पावतीवर कुणाचंही नाव नाही, फक्त एका जोडाची शिलाई जमा. ती पावती ज्याला द्यायची त्याला द्यावी, तो येऊन माप देईल. यंदा अशा अकरा पावत्या गेल्या. शाबानमध्ये त्यातल्या तीनच.

मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे, त्याबद्दल थोडं. शिवून तयार झालेले आणि कुणी न नेलेले कपडे त्यात असतात. बिलावर छापलेलं असतं की तीन महिन्यांत न नेल्यास दुकान जबाबदार नाही. पण हे दुकान ते पीस विकत नाही. काही माणसं ॲडव्हान्स देऊन हैदराबादला कामाला गेली आणि आली नाहीत. एका लग्नाच्या सफारीचं लग्न मोडलं. एका आजोबांचा नेहरू शर्ट पाच वर्षांपासून आहे, 2020 च्या मार्चमध्ये टाकलेला. घरच्यांना निरोप दिला, ते म्हणाले, ठेवा. बाकीच्या पुष्कळ बिलांवर उरलेली रक्कम फार थोडी आहे, शंभर-दीडशे. एवढ्या रकमेसाठी माणसं तोंड चुकवतात, दुसऱ्या रस्त्यानं जातात. चांदरातीला मॅनेजर अशा लहान मुलांच्या पिसांच्या बिलांवर उधार असा शिक्का मारून पोरांकरवी घरी पाठवतो. वही सांगते की त्यातली बरीच उधारी परत येते, बहुतेक दिवाळीच्या सुमारास. न आलेल्यांचे आकडे त्यानं दाखवले नाहीत, ते मालकांच्या रजिस्टरात नसतात बहुधा.

हे लिहून देतोय तेव्हा एकोणिसावा रोजा आहे. कोऱ्या पानांबद्दल मालक पुन्हा काही बोललेले नाहीत. काल दोन वजनदार माणसांचे फोन आले, एकानं मलाही केला. मॅनेजरनं दोघांना पाडव्यानंतरची तारीख दिली. उद्यापासून 401 सुरू होईल. फुलवळकडची एक आजी दोन नातवांना घेऊन आत्ताच येऊन गेली, उद्या या म्हटल्यावर तिथेच पायरीवर बसली, एस.टी.चं भाडं दोनदा कुठून आणू म्हणाली. मॅनेजरनं दोन्ही पोरांची मापं घेतली, वेगळ्या कागदावर लिहिली आणि कागद टेपच्या डबीत ठेवला. धाकट्याच्या बाहीला त्यानं एक इंच जास्त धरलं आहे.